तिसरी खुर्ची

रोज सकाळी दुकान उघडलं की मावशी आधी तिसरी खुर्ची पुसायची. पहिल्या दोन खुर्च्यांची पाळी नंतर यायची. त्यांच्यावर दिवसभर बायका बसायच्या, केस पडायचे, शाम्पूचे ओघळ यायचे, त्यामुळे त्या पुसण्यात नवल काही नव्हतं. तिसऱ्या खुर्चीवर कुणी बसतच नसे. तरी मावशी ओल्या फडक्याने तिची पाठ, मग दोन्ही हात, मग पाय टेकायची दांडी पुसायची, कोरडं फडकं परत एकदा फिरवायची आणि खुर्चीचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची. मग हात धुऊन, कंगव्यांच्या खणातून तिचं काळ्या कव्हरचं शास्त्राचं पुस्तक, म्हणजे बायबल, काढायची, उभ्या उभ्या एक पान वाचायची, डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची आणि दारावरची पाटी उलटी करायची. पाटीच्या आतल्या बाजूला ‘बंद’, बाहेरच्या बाजूला ‘या’.

खुर्ची दुकानाबरोबरच आली होती. तिच्या पंपात दोष होता. माणूस बसलं की ती आवाज न करता खाली खाली जायची, आणि पाच मिनिटांत बसलेल्या बाईला आरशात फक्त स्वतःचं कपाळ दिसायचं. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “हिला आता बसू द्या घरी.” मावशी म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखीच झाली म्हणा की. पण मी बसत नाही.”

ती माझी सख्खी मावशी. पण पार्लरमध्ये येणाऱ्या सगळ्याच तिला मावशी म्हणायच्या, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या हेडबाईसुद्धा. उंचीने ती इतकी कमी की उंच बाईचे केस कापायचे झाले तर पायाखाली लाकडी फळी घ्यायची. फळी पायाने सरकवत ती खुर्चीभोवती फिरायची, दातांत नेहमी चार-पाच पिना. बाजारामागच्या रस्त्यावर, औषधांचं दुकान आणि चाव्या बनवणारा यांच्यामध्ये ती एक खोली होती. तीन आरसे, केस धुवायचं बेसिन, मागे पडद्याआड डबा खायला एक टेबल. भिंतीवर क्रूस नव्हता, वचन लिहिलेली तसबीर नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “लोक इथे आरशात बघायला येतात. भिंतीवर कशाला बघतील?”

तिचं वेगळेपण तसं दोनच गोष्टींत दिसायचं. एक म्हणजे रविवार. जगातली सगळी पार्लरं रविवारी भरभरून चालतात आणि सोमवारी बंद असतात. मावशीचं रविवारी बंद, सोमवारी उघडं. माझी आई, म्हणजे तिची मोठी बहीण, चर्चला जायचं कधीच सोडून बसली होती. ती म्हणायची, “देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली हे खरं, पण त्याचं पार्लर नव्हतं.” मावशी म्हणायची, “ताई, त्याने सगळ्यांचे केस मोजून ठेवलेत म्हणे. म्हणजे धंदा आमचा एकच.”

दुसरी गोष्ट तिसऱ्या खुर्चीची.

ती कशी सुरू झाली ते दुकानातल्या सगळ्या जुन्या बायका सांगायच्या. एक बाई केस कापताना आपल्या जावेबद्दल बोलत होती. जाऊ आळशी, जाऊ कपटी, जावेने सासूला हाताशी धरलं. मावशीने आणखी दोन बटा कापल्या. मग कात्री ठेवली, तिसऱ्या खुर्चीशी गेली, तिचं तोंड भिंतीकडून वळवून त्या बाईकडे केलं आणि परत येऊन कापायला लागली. बाईने विचारलं, “कुणी येणारंय का?” मावशी म्हणाली, “तुमच्या जाऊबाई बसल्यात असं समजा. आता बोला.” बाई हसली. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तशी आजारपणात करते हो ती माझं.”

तेव्हापासून तो नियमच झाला. इथे नसलेल्या माणसाबद्दल कुणी वाकडं बोलायला लागलं की मावशी खुर्ची फिरवायची. बोलायला मनाई नव्हती, फक्त खुर्चीकडे बघून बोलायचं. बहुतेकींचा विषय तिथेच बदलायचा. काही जणी चिडायच्या आणि परत यायच्या नाहीत. रस्त्यावरच्या दुकानांत त्या पार्लरला ‘मुकं पार्लर’ म्हणायचे, आणि केस कापून घ्यायला आलेल्या नव्या बाईला चावीवाला गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “आत जा, पण नवऱ्याला बाहेर ठेवून जा. त्याच्याबद्दल बोलता येत नाही.”

हेडबाईंना हे फार खटकायचं. आयुष्यभर शाळा चालवलेल्या बाई, त्यांना सगळ्या गावाची खबर लागायची. त्या एकदा म्हणाल्या, “तुमच्या धर्मात बोलायला बंदी आहे का हो?”

“बंदी कुठली? उपासना सुटली की आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर तासभर तेच चालतं.”

“मग तुम्हीच का?”

“मला जमत नाही म्हणून,” मावशी म्हणाली. “ज्यांना थोडक्यात थांबता येतं त्यांचं ठीक आहे. माझी जीभ सुटली की सुटली. म्हणून खुर्ची ठेवलीय.”

आम्हाला ते विनयाने म्हटल्यासारखं वाटलं. ते अगदी शब्दशः खरं होतं हे नंतर कळलं.

मावशीच्या हाताखाली एक मुलगी होती. वय बावीस-तेवीस, हात विलक्षण चपळ, आणि प्रत्येक गोष्टीची घाई. तिचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळ्या तिला घाईच म्हणायच्या. घाई बोलता बोलता चालायची, चालता चालता एप्रन बांधायची आणि अर्ध्या वाक्यात निघून जायची. मावशीने तिला कात्री धरायला शिकवलं ते स्वतःच्या केसांवर. मावशीचे केस वर्षभर मागून वेडेवाकडे दिसायचे आणि ती ते मिरवायची. “आमच्या घाईचा हात बसतोय,” म्हणायची.

केसांच्या रंगकामाचा एक अभ्यासक्रम असतो, त्याची परीक्षा असते. ते सर्टिफिकेट असलं की स्वतःचं पार्लर टाकता येतं. घाई ती परीक्षा दोनदा नापास झाली. हात उत्तम, पण लेखी पेपरात रसायनांची नावं आली की तिची घाई तिला नडायची. दुसऱ्या निकालाच्या दिवशी ती घरी सांगून बसली की पास झाले. तिच्या आईने एकटीने तिला वाढवलं होतं, आणि आईचा चेहरा बघून तिला खरं सांगवलं नाही. ते तिने फक्त मावशीला सांगितलं, पडद्यामागच्या टेबलाशी, डबा न उघडता. मावशीने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, “तिसऱ्यांदा बस. तोवर हे माझ्यापाशी राहील.”

त्यानंतर चार महिन्यांनी ते घडलं. मी तेव्हा कॉलेजात होते. दुपारी मावशीबरोबर डबा खायला म्हणून आले होते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर वाट बघत होते.

त्या दिवशी मावशी सकाळभर दुकानात नव्हती. एक जुनं गिऱ्हाईक अंथरुणाला खिळलं होतं, त्यांचे केस धुऊन द्यायला ती घरी गेली होती. परत आली तेव्हा दुसऱ्या खुर्चीत डोक्याला रंग लावलेली एक बाई मासिक चाळत होती. तिसरी खुर्ची, कधी नव्हे ती, भरलेली होती. तिच्यात कुणी बाई मागे रेलून बसली होती, अंगावर चादर, डोळ्यांवर कापसाच्या घड्या, तोंडभर मुलतानी मातीचा पॅक. खुर्ची खाली जाऊन जाऊन अगदी बुडाला टेकली होती.

घाई पर्स खांद्याला लावत म्हणाली, “मावशी, रंगाची बाटली संपलीय, आलेच, पॅक वाळेपर्यंत येते, धुवू नका, मीच…” आणि गेली. कोण आहे ते सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात हेडबाई आल्या, पहिल्या खुर्चीत बसल्या. मावशीने फळी सरकवली, पिना दातांत धरल्या, कात्री घेतली. हेडबाई खिडकीतून घाईची पाठ बघत म्हणाल्या, “काही म्हणा, पोरीच्या हातात जादू आहे. मागच्या वेळी तिने कापले ते महिनाभर बसले जागच्या जागी. तुम्ही आता नावापुरत्या उरलात, मावशी. बघा, वर्षभरात ही स्वतःचं टाकते आणि आम्ही सगळ्या तिकडे.”

मावशीने दातांतल्या पिना काढून हातात घेतल्या. एरवी असल्या बोलण्यावर ती पिना काढत नसे.

“टाकायला आधी परीक्षा पास व्हावी लागते, हेडबाई. दोनदा नापास झालीय ती. घरी खोटं सांगून बसलीय पास झाले म्हणून, आणि आई बिचारी गावभर सांगत फिरते.”

रंगवाल्या बाईने मासिकातून मान वर केली. हेडबाई म्हणाल्या, “काय सांगता.” त्यांचा आवाज सुखावलेला होता.

मावशीने पिना परत दातांत धरल्या आणि कापायला लागली. मग तिची कात्री थांबली. सवयीने तिची नजर तिसऱ्या खुर्चीकडे गेली होती. तोंडावर पॅक असला की बोलायचं नसतं, ओठ हलवायचे नसतात, नाहीतर माती तडकते. त्या बाईच्या तोंडाभोवतीची माती तडकली होती. आणि कापसाच्या घडीखालून एक ओली रेघ निघून वाळलेल्या पॅकमधून सरळ कानापर्यंत गेली होती.

ती घाईची आई होती. मुलीने तिला पहिल्यांदाच बोलावून, हौसेने बसवलं होतं.

तिने घड्या काढल्या. खुर्ची इतकी खाली गेलेली की तिला उठता येईना. मावशी धावली, हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. कडेला धरून उठली, बेसिनशी जाऊन स्वतःच तोंड धुतलं, अर्धा पॅक कानाशी तसाच. तेवढ्यात घाई बाटली घेऊन आत आली. आईकडे बघितलं, हेडबाईंकडे बघितलं, मग मावशीकडे.

“तुम्ही?” ती म्हणाली.

बस, एवढंच. बाटली टेबलावर ठेवली आणि आईला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळची दुकानाची किल्ली चावीवाल्याकडे आली. त्याने ती आणून दिली आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

मावशी दोनदा त्यांच्या घरी गेली. पहिल्या वेळी कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी आईने उघडलं आणि म्हणाली, “ती घरी नाही.” दाराशी घाईच्या चपला होत्या, एक सरळ, एक उलटी, जशा ती नेहमी घाईत काढायची. मावशीने त्यांच्याकडे बघितलं, “बरं” म्हणाली आणि जिना उतरली. चिठ्ठी लिहिली, तिचं उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी दोन गल्ल्या सोडून घाईचं पार्लर उघडलं. रंगीत बोर्ड, मोठ्याने गाणी, आणि रविवारी सुरू. हेडबाई तिकडे गेल्या. हळूहळू निम्म्या बायका गेल्या. ज्या राहिल्या त्या मावशीला खूश करायला घाईबद्दल काहीबाही सांगायच्या, आणि मावशी उठून खुर्ची फिरवायची. एक जण एकदा तोंडावर म्हणाली, “आता कशाला फिरवता? त्या खुर्चीत कोण बसलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.”

मावशी म्हणाली, “हो ना. म्हणूनच.” खुर्ची फिरवलेलीच राहिली.

माझ्या आईला हे सगळं अती वाटायचं. रविवारी दुपारी मावशी आमच्याकडे जेवायला यायची तेव्हा आई ऐकवायची.

“दोनदा गेलीस, चिठ्ठी लिहिलीस, अजून काय करायचं? नोकरीला होती पोरगी. लोक याहून भयंकर बोलतात एकमेकांना आणि संध्याकाळी चहा पितात. जग असंच चालतं.”

“जगाचं चालू दे, ताई. मी दोन बायकांसमोर बोलले होते. माफी दाराआड मागत होते.”

“म्हणजे आता काय, चौकात उभी राहणार?”

“जिथे बोलले तसल्याच जागी म्हणायला हवं. खुर्चीवर बसून, बायका असताना.”

“येडी आहेस तू,” आई म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी वाढलं.

मावशीच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट रांगेतून हातोहात पुढे जातं, प्रत्येक जण एक लहान तुकडा घेतो. मी अधूनमधून तिच्याबरोबर जायचे, तिच्या शेजारी बसायला मला आवडायचं म्हणून. ते घडल्यापासून मावशी ताट घ्यायची आणि तुकडा न उचलता माझ्या पलीकडच्या बाईकडे द्यायची. मी कारण विचारलं नाही, पण मला ठाऊक होतं. आपल्यामुळे कुणाच्या मनात काही असेल तर आधी जाऊन ते मिटवायचं, मग देवासमोर यायचं, हे ती मला लहानपणी सांगायची, माझं आणि माझ्या मैत्रिणीचं भांडण झालं की. तेव्हा मला ते सोपं वाटायचं. ती मला मैत्रिणीच्या दारापर्यंत सोडून बाहेर उभी राहायची.

सहा महिने ताट असंच तिच्यासमोरून गेलं. सातव्या महिन्यात ते आमच्या रांगेच्या टोकाला आलं, आणि मावशी उठली. पदर सारखा केला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि सगळ्यांच्या गुडघ्यांसमोरून वाट काढत बाहेर पडली. मी मागून. पायऱ्या उतरल्यावर तिने रस्ता बघितला आणि म्हणाली, “रविवारी पार्लर उघडं असतं तिचं.”

“हो.”

“बरंय,” ती म्हणाली. “बायका असतील.”

होत्याच. आत पाय ठेवायला जागा नव्हती. गाणी चालू, तीन खुर्च्या भरलेल्या, बाकावर तिघी वाट बघत बसलेल्या, त्यांतल्या एक हेडबाई. दाराशी लहान टेबलावर वही घेऊन घाईची आई बसली होती. तिने मावशीला बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

“अगंबाई, तुम्ही,” हेडबाई म्हणाल्या. “रविवारी? पार्लरमध्ये?”

“हो.”

घाई एका बाईचे केस वाळवत होती. तिने आरशातून बघितलं, मागे वळली नाही. “नंबर लावावा लागेल. आधी तिघी आहेत.”

“लावते.”

घाईची आई वहीकडे बघत म्हणाली, “काय लिहू?”

“केस कापायचेत.”

“नाव काय लिहू?”

मावशीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “जुन्या दुकानातली, असं लिहा.”

तिने तसं लिहिलं. मग दीड तास मावशी बाकावर बसली, पिशवी मांडीवर, चर्चची पांढरी साडी, आजूबाजूला ड्रायरचा आवाज. हेडबाईंनी दोन-तीनदा काही काढायचा प्रयत्न केला. मावशी “हं” म्हणायची. मला आठवतंय, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिची पाळी आली तेव्हा हेडबाई केस कापून झाले तरी परत बाकावरच येऊन बसल्या होत्या. घाईने खुर्ची झटकली, एप्रन बांधला, पंप मारून खुर्ची वर घेतली. ती तिथेच राहिली, खाली गेली नाही.

“किती कापायचे?”

“तुला बरे वाटतील तेवढे.”

घाईने केस ओले केले, कंगवा फिरवला. मावशी आरशातून तिच्याकडे बघत, बाकावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तू मला एक गोष्ट सांभाळायला दिली होतीस. मी ती सांडली. तुझ्या आईसमोर आणि दोन परक्या बायकांसमोर. हेडबाईंनी तुझं कौतुक केलं आणि मला हेवा वाटला. तू मला सोडून जाशील म्हणून बोलले, आणि बोलले म्हणूनच तू गेलीस. चूक माझी होती. तुझी काही नव्हती.”

कुणीतरी गाणं बंद केलं. घाईची कात्री मावशीच्या कानाशी होती.

“हलू नका,” घाई म्हणाली. “कान जाईल.”

मावशी हलली नाही. घाईने एक बट कापली, मग दुसरी. तिचे हात, माझ्या बघण्यात पहिल्यांदाच, सावकाश चालत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मी पास झाले.”

“वाचलं. दाराशी लावलंयस.”

“तिसऱ्यांदा.” मग ती वळून बाकाकडे बघत म्हणाली, “तिसऱ्या खेपेला पास झाले मी. दोनदा नापास. हेडबाई, ऐकलंत ना? आता सांगत फिरा.”

“अगं हळू,” तिची आई टेबलाशी म्हणाली.

“कशाला हळू? तूच तर बजावलंस घरी, की परत खोटं बोलायचं नाही.”

आई वहीत काहीतरी लिहायला लागली. लिहायला काही नव्हतं.

घाईने मान साफ केली, एप्रन सोडला, मागून लहान आरसा धरला. मावशीने बघितलं आणि म्हणाली, “छान कापलेस.” ती उठली तेव्हा घाई तिच्याकडे न बघता केस झाडत म्हणाली, “मी परत यायची नाही तिकडे.”

“बोलवायला नाही आले.”

“आणि माफ केलं असं म्हणता येत नाही मला अजून.”

“मी थांबते,” मावशी म्हणाली.

“इथे नको, गर्दी आहे,” घाई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. ते तिने दाबलं, पण मी बघितलं, आणि मावशीनेही बघितलं असणार, कारण घरी जाताना ती मला म्हणाली, “चालायला किती बरं वाटतंय ग.”

चर्चच्या पाळकांना हे कळलं, तेव्हा ते म्हणाले, तुमच्या बाजूने तुम्ही केलंत, आता प्रभुभोजन घ्यायला हरकत नाही. मावशी म्हणाली, “माझ्या बाजूचं झालं. तिच्या बाजूचं होऊ दे.” महिन्यातून एकदा ती घाईकडे केस कापायला जायची, नंबर लावून, रविवार सोडून. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. लांबी, पाण्याची गरमी, मागून सारखे झालेत का.

मग एका सोमवारी, घाईचं पार्लर बंद होतं तेव्हा, मावशीच्या दुकानाचं दार उघडलं. मी पडद्यामागे डबे मांडत होते. घाई आत आली, पर्स ठेवली, पहिल्या दोन खुर्च्या रिकाम्या असताना सरळ जाऊन तिसऱ्या खुर्चीत बसली. खुर्ची आवाज न करता खाली जायला लागली.

“ही अजून तशीच?” घाई म्हणाली.

“तशीच.”

“माझ्या आईला इथेच बसवलं होतं मी. सगळ्यात आरामाची म्हणून.” ती खाली खाली गेली. आरशात तिचं कपाळ आणि डोळे राहिले. “मावशी, डबा खाल्लात का?”

मावशीने नाही अशी मान हलवली. तिने पडदा बाजूला केला. आम्ही तिघींनी एकत्र डबा खाल्ला. खाण्याआधी मावशीने डोळे मिटले तेव्हा घाईने, जी एरवी तोवर दोन घास खाऊन मोकळी व्हायची, हात थांबवला.

त्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट आमच्या रांगेत आलं. मावशीने तुकडा घेतला आणि ताट मला दिलं.

पुढे मावशीचे हात थरथरायला लागले. कात्री धरता येईना, तेव्हा तिने दुकान चावीवाल्याच्या सुनेला दिलं आणि तिसरी खुर्ची तेवढी घरी आणली. आई म्हणाली, “सगळं सोडून हे धूड आणलंस?” खुर्ची मावशीच्या खोलीत खिडकीशी राहिली. शेवटच्या वर्षी ती फार चालत नव्हती. दर सोमवारी घाई यायची, बादली आणि तांब्या घेऊन तिला त्या खुर्चीत बसवायची आणि केस धुवायची. खुर्ची हळूहळू खाली जायची. मावशीची उंची आधीच कमी, त्यामुळे धुऊन होईपर्यंत घाईला गुडघ्यांवर बसावं लागायचं. मी पाणी ओतायचे.

शेवटच्या सोमवारी घाई तिच्या सवयीने घाईत होती, कुठे तरी लग्नाचं काम होतं. तिने केस पुसले, विंचरले, मावशीला उचलून पलंगावर बसवलं, पर्स खांद्याला लावली आणि अर्ध्या वाक्यात दाराशी पोचली. मावशीने उशीला पाठ टेकली, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, “जाताना खुर्ची तेवढी पुसून जा ग. आधी ओल्याने, मग कोरड्याने.”